टेपवरचा आईचा आवाज

आज बायकोनं सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, तळली आणि त्या वासासरशी मी कोराडीच्या आमच्या क्वार्टरमधल्या एका रविवारी जाऊन पोचलो. बाबांच्या लहानपणच्या गोष्टी जपून ठेवाव्यात म्हणून मी ताटाशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला होता. बाबा रंगात आले, तोच आई म्हणाली, "वडी घे नं गा, गरम हाये."

मी चिडलो. "आई, टेप चालू हाये! मधातच काहून बोलून राहिली?"

"मंग? टेपसाठी उपाशी ठेवू का तुमाले?"

बाबा हसत सुटले आणि गोष्ट अर्धीच राहिली. टेप वाया गेली असं मला वाटलं.

ती गोष्ट बाबांनी पुढे इतक्यांदा सांगितली, की मला पाठ आहे. आई गेली; तिचा आवाज त्या एकाच टेपवर आहे. ती मी पुसली नाही, हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.