यामिनीची रायफल आणि नीलकंठचा पाढा

नीलकंठ परचुरे भित्रा होता असं म्हणणं म्हणजे समुद्र ओलसर असतो असं म्हणण्यासारखं आहे. लहानपणी चिंचवडला तो पालीला, दाराच्या बेलला आणि गणिताच्या मास्तरांना भ्यायचा. पुढे इंजिनिअर झाला, कंपनीने जपानला पाठवलं, तेव्हा भीतीही वेगळा व्हिसा काढून त्याच्याबरोबर आली आणि त्याच्यासारखीच तिथल्या सेंदाई शहरात कायमची राहिली. भूकंपाला भिण्यात सगळं गाव त्याच्या सोबतीला होतं, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं. पण अस्वल! अस्वलाला नीलकंठइतकं मनापासून कोणी भीत नसेल.

त्यांचं घर शहराच्या पश्चिम टोकाला, डोंगराला पाठ टेकून होतं. शरद ऋतूत अस्वलं काकी नावाच्या पिकलेल्या फळांच्या मागे वस्तीत उतरायची आणि मोबाईलवर इशारा वाजायचा. नीलकंठ कचरा टाकायला निघाला तरी पाठीला अस्वलांना दूर ठेवणारी घंटा बांधायचा. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात काचेच्या बाटल्या, मागे किणकिण किणकिण. शेजारच्या आजीबाईंना वाटायचं, भारतात कचरा टाकण्याचा काही विधी असतो.

अगदीच जीव घाबरला की तो पाढे म्हणायचा. लहानपणी अंधाऱ्या बोळातून दूध आणायला पाठवताना आईने लावलेली सवय. बाकीचे पाढे तोंडपाठ, पण भीती वाटली की नेमका तेराचाच तोंडात यायचा आणि ‘तेरा सक अठ्ठ्याहत्तर’ला गाडी बंद पडायची.

अशा या माणसाची बायको शिकारी होती.

यामिनीला शिकारीची हौस अजिबात नव्हती. ती डुकराचं मांस खातसुद्धा नाही. शिकारीतला तिचा वाटा शेजारच्या आजीबाईंकडे जातो. झालं असं, की सेंदाईला आल्यावर तिने डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने एक वाफा घेतला आणि त्यात मेथी, कोथिंबीर, बटाटे लावले. बटाटे काढायच्या आदल्या दिवशी रानडुकरं आली आणि सगळं उकरून गेली. ती बांधावर बसून रडत होती, तेव्हा तिथल्या शिकारी मंडळाचे म्हातारे ओइकावा-सान तिला म्हणाले, “रडायचं असेल तर रडा. नाहीतर मंगळवारी आमचा वर्ग असतो.”

यामिनी वर्गाला गेली. परीक्षा पास झाली, डॉक्टरचा दाखला आणला, पोलिसांच्या चौकशा झाल्या आणि घरात लोखंडी कपाटासकट एक शॉटगन आली. कपाटाची किल्ली कुठे असते हे घरातल्यांनाही कळता कामा नये असा तिथला दंडक. तो नीलकंठला इतका आवडला, की किल्लीचा विषय निघाला तर तो कानात बोटं घालायचा.

जपानात दहा वर्षं शॉटगन नीट सांभाळली, की मग शिकारीसाठी रायफल मागता येते. यामिनीची दहा वर्षं त्या वर्षी भरली आणि घरात वादाला तोंड फुटलं.

बंदुकीच्या दुकानदाराने दोन रायफली तिच्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. एक बोल्ट-ॲक्शन, म्हणजे एक गोळी झाडली की हाताने खटका मागे ओढून, पुढे ढकलून दुसरी भरायची. दुसरी सेमी-ऑटोमॅटिक, तिच्यात पुढची गोळी आपोआप येते, आपण फक्त चाप दाबत राहायचं. परवाना नुसता ‘रायफल’चा मिळत नाही, त्या नेमक्या एका बंदुकीचा मिळतो. दुसऱ्याची बंदूक हातात घेऊन बघायचीही सोय नाही. तेव्हा अर्जाआधीच काय ते ठरवायचं.

“सेमी-ऑटो,” नीलकंठ म्हणाला. “प्रश्नच नाही.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

नीलकंठला सगळं कळत होतं. महिनाभर तो अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहत होता. हे दाढीवाले लोक कायोटी मारतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा धिप्पाड अमेरिकन चुलतभाऊ. बोल्ट की सेमी-ऑटो यावर ते तासन् तास भांडतात.

“हे बघ, बोल्टवाली नेम अचूक धरते, हलकी असते, अडकत नाही, सगळं मान्य. पण तीन कायोटी एकदम आले तर? तू खटका ओढत बसणार? तोवर दुसरा अंगावर!”

“सेंदाईत कायोटी आहेत?”

“अस्वल आहे! अस्वल काय थांबणार आहे, ‘ओढा ताई सावकाश’ म्हणून?”

कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली ईश्वरी, त्यांची मुलगी, मान वर न करता जपानीत म्हणाली, “अस्वलापेक्षा ममा कोवाई.” कोवाई म्हणजे भीतिदायक. नीलकंठ मनातून तिच्याशी सहमत होता.

यामिनी हसली नाही. “नील, पोलिस यावेळी परत तुझं मत विचारणार. तू मनापासून हो म्हणणार असलास तरच मी अर्ज करते. पण एकदा आमच्याबरोबर ये. दहा वर्षं नुसता खिडकीतून बघतोयस. ये, आणि मग सांग.”

नीलकंठला जायचं नव्हतं. पण न गेलं तर ही खटकेवाली घेणार आणि एके दिवशी खटका ओढता ओढता अस्वलाच्या तावडीत सापडणार, हे चित्र त्याला जेवताना, मीटिंगमध्ये, आंघोळीतसुद्धा दिसू लागलं होतं. तो गेला.

मंडळात बहुतेक सत्तरीचे लोक. हाका घालणारे, म्हणजे जनावरं उठवणारे, खालून कुत्रे घेऊन चढणार आणि बंदूकवाले वर आपापल्या जागी उभे राहणार. जागा सोडायची नाही हा पहिला नियम, दुसरा नियम, आणि ओइकावा-सानच्या मते शेवटचाही. त्यांनी नीलकंठला वनरस्त्यावर उभ्या केलेल्या छोट्या ट्रकमध्ये बसवलं, नारिंगी जाकीट घातलं, हातात वॉकीटॉकी दिला आणि त्याची घंटा काढून घेतली.

“घंटा राहू दे ना,” नीलकंठ कळवळून म्हणाला.

“डुकरं पळतील,” ओइकावा-सान म्हणाले. “काच वर, दार बंद. मी सांगेपर्यंत उतरायचं नाही.”

यामिनी वरच्या खिंडीकडे गेली. वळणावर तिने हात हलवला आणि झाडांमागे दिसेनाशी झाली.

थोडा वेळ बरा गेला. मग थंडी वाजायला लागली, म्हणून त्याने नारिंगी जाकिटावरून आपलं तपकिरी जर्किन चढवलं. मग भूक लागली, म्हणून डबा उघडला. थालीपीठ! लसणाचा, तिळाचा असा खमंग वास त्या चिमुकल्या केबिनमध्ये कोंदला. आणि पहिला घास तोंडात असतानाच त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: अस्वलाचं नाक. अस्वलाला मैलावरचा वास येतो. म्हणजे आपण सुरक्षित गाडीत बसलेलो नाही, आपण डब्यात बसलोय!

मागे काहीतरी कड्कन मोडलं.

नीलकंठ दार उघडून पळाला. कुठे, तर बायको गेली होती तिकडे. थालीपीठ राहिलं, वॉकीटॉकी राहिला. पायवाट केव्हाच संपली आणि तो छातीइतक्या उंच सासाच्या झुडपांत शिरला. सासा म्हणजे जंगलभर माजलेला बुटका बांबू. एक पान हललं की शंभर सळसळतात. तो थांबला की सळसळ थांबायची. तो चालला की पुन्हा सुरू व्हायची. कोणीतरी आपल्या मागावर आहे, याबद्दल त्याची खात्री पटली. खाली कुत्री भुंकायला लागली. तो खाली वाकून चार पायांवर पुढे सरकू लागला. त्याच्या तोंडून आपोआप पाढा सुटला:

“तेरा एके तेरा... तेरा दुणे सव्वीस... तेरा त्रिक एकोणचाळीस...”

समोर, अगदी जवळ, काहीतरी हललं.

“तेरा चोक बावन्न! तेरा पंचे पासष्ट! तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तेरा सत्ते... तेरा सत्ते...”

“एक्याण्णव!” झाडीतून आवाज आला. “आणि आहेस तिथेच थांब! हात वर कर! हलू नकोस!”

नीलकंठने हात वर केले. पानांच्या वर त्याला यामिनी दिसली, दहा-बारा पावलांवर उभी. तिने आधी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या. बंदूक मोकळी झाल्याचं पुन्हा तपासलं. मग ती ओल्या पानांवर मटकन बसली. तिला घाबरलेलं त्याने लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

“मूर्खा,” ती म्हणाली. “काहीतरी तपकिरी, बुटकं, झाडीतून माझ्याकडे येत होतं. बंदुकीच्या सेफ्टीच्या कळीवर बोट होतं माझं. डुक्कर दिसायची वाट बघत होते. दिसेना, म्हणून थांबले.”

“मला वाटलं अस्वल...”

“अस्वल तूच होतास!”

नीलकंठने तपकिरी जर्किन काढलं. गोळ्या पटापट सुटाव्यात म्हणून महिनाभर आपण वकिली केली, आणि झाडीत सळसळत होतो आपणच, हा हिशेब त्याला आता कुठे लागत होता. त्याला व्हिडिओतले दाढीवाले आठवले. तीन कायोटी एकदम आले तर काय, हे त्यांनी सांगितलं होतं. एक नवरा आला तर काय, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

ओइकावा-साननी त्या दिवशीचा हाका बंद केला आणि सगळ्यांसमोर त्याला असं झापलं, की त्यातले निम्मे शब्द त्याला जपानी शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकात सापडले नसते.

यामिनीने घरी येऊन एवढंच सांगितलं. “मला खटक्याचीच हवी. एक गोळी सुटली की दुसरीसाठी हात उचलावा लागतो. तेवढ्यात मी पुन्हा बघते, समोर काय आहे ते. पण तू नको म्हणालास तर विषय संपला.”

त्याने पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने बोल्टवालीचा अर्ज भरला आणि पोलिसांचे चिबा-सान चौकशीला आले. कपाट बघून झाल्यावर ते नीलकंठसमोर बसले. यामिनी स्वयंपाकघरात होती.

“पत्नी चिडतात का? दारू? शेजाऱ्यांशी भांडण?”

“नाही, नाही आणि नाही.”

“तुम्हाला काही काळजी?”

नीलकंठने चहाच्या कपाकडे पाहिलं. एक शब्द बोलला की बायको कायमची घरी, सुरक्षित. घंटा बांधून दोघं कचरा टाकायला जातील.

“कोवाई देस,” तो म्हणाला. भीती वाटते.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. चिबा-साननी पेन उचललं.

“मला सगळ्याचीच भीती वाटते,” नीलकंठ घाईघाईने म्हणाला. “पालीची, अस्वलाची, तुमची. पण बंदूक तिच्या हातात असते तेव्हा तिची भीती वाटत नाही.” आणि मग त्याने झाडीतली सगळी गोष्ट सांगून टाकली, जर्किनसकट, पाढ्यासकट.

चिबा-सान बराच वेळ लिहीत राहिले. “आमच्याकडे पाढे नऊपर्यंतच असतात,” शेवटी ते गंभीरपणे म्हणाले. “तुमची पत्नी थांबली हे महत्त्वाचं. तुम्ही मात्र नारिंगी जाकीट वरून घालत जा.”

परवाना मिळाला.

आता हंगामात नीलकंठही जातो. ट्रकमध्ये काच वर, दार बंद, नारिंगी जाकीट सगळ्या कपड्यांच्या वरून, वर नारिंगी टोपी. डब्यात दहीभात, कारण त्याला वास नाही. तो गाडीतून उतरत नाही. भीती काडीचीही कमी झालेली नाही.

परवा खिंडीतून एक बार ऐकू आला. फक्त एक. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत यामिनीचा हात खटक्यावर असेल, ती समोर बघत असेल, की तिच्यावर काही धावून येत असेल, काहीच कळत नव्हतं. नीलकंठने पाढा सुरू केला. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. वॉकीटॉकी गप्प. तेरा पंचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

“तेरा सत्ते एक्याण्णव,” तो स्वतःच म्हणाला, आणि दचकला.

वॉकीटॉकी खरखरला. “नील,” यामिनीचा आवाज आला, “दहीभात संपवू नकोस. येतेय.”