वाकडी ओळ

काल माझ्या गोधडीचा वरचा थर शिवून झाला. शिवणवर्गाच्या बाईंनी तो टेबलावर पसरला आणि एका ओळीवर नख टेकवलं. “चौकोन जुळत नाहीत. उसवा.”

ती ओळ मी यांचं ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर शिवली होती. दर टाक्याला नजर दाराकडे जात होती.

“राहू दे,” मी म्हणाले.

“लोक हसतील!”

मला बाईंची कीव आली. त्यांच्या गोधड्या काचेच्या कपाटात असतात. त्या पांघरून कुणी कधी ताप काढलेला नाही. जिवाला कशाचाच घोर नसला की टाके सरळच पडतात. त्यात कसली आलीय कला!

घरी यांनी तो थर खांद्यावर ओढला. म्हणाले, “अस्तर लवकर लाव. थंडी वाजतेय.”