खोरफक्कानमार्गे ब्रिटनवर स्वारी

गार्गीला शाळेत रोमन लोकांच्या ब्रिटनवरच्या स्वाऱ्यांवर बोलायचं होतं, आणि त्याआधी तिला खरंखुरं बेट बघायचं होतं. शारजाहून ब्रिटन जरा लांब पडतं, म्हणून आम्ही खोरफक्कानला निघालो; तिथे किनाऱ्यासमोरच एक बेट आहे. खरं कारण मात्र माझे सासरे. नाना गुहागरहून पहिल्यांदाच आले होते, पुढच्या आठवड्यात परत जायचे होते, आणि नातीशी त्यांचं अजून धड बोलणंच झालं नव्हतं. ती इंग्रजीतून, ते मराठीतून, आणि मधे मी, लातूरचा दुभाषी. ते असेच परत गेले असते तर माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, जिवाला लागलं असतं. माझ्याही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आता डोंगरातून बोगदे काढलेत, तुम्ही सुसाट पोचाल. तेव्हा धैद, मसाफी करत वळणावळणाने जावं लागे. मसाफीच्या बाजारात थांबाच. गालिचे नुसते बघा, पपया घ्या. वैशालीने एका गालिच्याचा भाव ऐकला, मनातल्या मनात रुपये केले आणि "खलास, चला," म्हणत गाडीत येऊन बसली. बसल्याबसल्या तिचा डोळाही लागला.

मागच्या सीटवर गार्गी पुस्तकातला सीझर सांगत होती. "देअर शिप्स गॉट स्मॅश्ड, आजोबा!"

"किनाऱ्याला लावलेली जहाजं फुटली म्हणतेय," मी म्हणालो.

नाना सावरून बसले. "भरती केव्हाची होती, विचारा तिला."

मी विचारलं. आमच्या लातूरला भरती म्हणजे पोलिसांची, नाहीतर लष्कराची! "आजोबा विचारतायत, व्हेन डिड दे रिक्रूट द सोल्जर्स?"

"हाऊ वुड आय नो?" गार्गीने पुस्तक मिटलं. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

खोरफक्कानला किनाऱ्याजवळच्या मल्याळी हॉटेलात तळलेली सुरमई आणि पोरोटा खा. नानांनी दुसरा तुकडा मागून घेतला. मासळीला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. जेवणात वेळ गेला आणि बेटावर नेणाऱ्या होडीवाल्याने नकाराचा हात हलवला. "अभी नहीं. कल, इन्शाल्ला." समोर खडकाळ बेट, आणि आमची स्वारी काठावरच अडकलेली. गार्गीचं तोंड फुगलं. मी पाण्याजवळ चटई अंथरली.

"जावईबापू, चटई वर घ्या," नाना म्हणाले. "आज पुनव. मोठी भरती येणार."

मी "हो हो" म्हणालो आणि आडवा झालो. थोड्या वेळाने पाठ गार पडली. चटई, डबा, चपला, सीझर, सगळं तरंगत निघालं. नाना लेंगा खोचून पाण्यात शिरले, मागोमाग गार्गी. पुस्तक हाती आलं. वैशाली हसून हसून वाळूत बसली. "अहो, भरती म्हणजे टाइड!"

नानांनी ओल्या चपला ओळीने वाळूत मांडल्या. ही सीझरची जहाजं. लाट आली, चपला उलटल्या. मग त्यांनी समुद्राकडे बोट केलं. संध्याकाळ झाली होती, गोल चंद्र पाण्यावर नुकताच वर येत होता.

गार्गी ओरडली, "द मून वॉज फुल! माझ्या बुकमध्ये आहे! अँड द रोमन्स डिडन्ट नो!"

"नसणारच ठाऊक," नाना म्हणाले. "त्यांच्या समुद्राला आमच्यासारखी भरती नसावी. तुझ्या बाबाच्या लातूरला तरी कुठे आहे?"

हे मात्र तिला बरोबर समजलं.

बेटावर पाय काही पडला नाही. परतीच्या वाटेवर मागे दोघांचं अखंड चाललं होतं, तिचं मराठी मोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं. आरशातून बघताना माझे डोळे भरून येत होते.

नाना गुहागरला गेले. पूर्वी फोनवर गार्गी "हाय, फाइन, बाय" म्हणून रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. आता फोन वाजला की तीच धावायची. एकदा कुठल्याशा शब्दावर अडली, म्हणून मी मदतीला पुढे झालो. तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

"नको बाबा. तू चुकीचं सांगतोस."

माझ्याशी एवढं अख्खं मराठी ती पहिल्यांदाच बोलली होती.