जड नावाचे न्हावीकाका

जावा बेटावरच्या क्लातेनच्या बाजारात वडाखाली केस कापणाऱ्या आमच्या काकांना बापाने नाव ठेवलं होतं विर्योदीनिंग्रात. राजवाड्याच्या दारावर शोभावं असं. साठ वर्षं काकांनी ते वाहिलं, आणि एक दिवस लघवीतून रक्त गेलं.

आरोग्य केंद्रात लघवी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनीत गाठ असू शकते. कॅन्सर नाही ना, ते बघू. मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफी करून या."

सारिंतेनकाकूंचं निदान केव्हाच झालं होतं. "कबोतान जनंग! नाव पेलत नाही यांना. हातात कात्री, नाव राजाचं. किडनीने तरी किती उचलायचं?"

मग नाव बदलायच्या विधीची लाल-पांढरी खीर शिजली, गल्लीभर वाटली गेली आणि काका झाले नगादिमिन. पिसासारखं हलकं नाव. खीर मीही दोनदा घेतली.

सोनोग्राफीच्या दिवशी काका पोटभर पाणी पिऊन बाकावर बसले. मी आणि काकू शेजारी. नर्सने 'बापाक', म्हणजे श्रीयुत, लावून पुकारलं, "बापाक विर्योदीनिंग्रात!"

काका छताकडे बघत राहिले. पुन्हा पुकारा झाला. मी कोपराने ढोसलं.

"तो मी नव्हे," काका कुजबुजले. "आजार त्या नावाला आहे. ओ दिली की परत माझ्या अंगावर."

"अहो, मूत्राशय फुटेल!" काकू.

"फुटलं तर नगादिमिनचं फुटेल."

नर्स जवळ आली. तीही जावाचीच, जड नावाची गोष्ट तिलाही ठाऊक. तिने ओळखपत्रावरचा फोटो आणि जन्मतारीख ताडून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ते बापाक आलेले दिसत नाहीत. त्यांच्या जागी नगादिमिन येतील का? किडनी सोबत आणलीय ना?"

काका ताडकन उठले.

सोनोग्राफीत डाग दिसला, म्हणून सीटी स्कॅन. त्या आठवड्यात काकांनी एका गिऱ्हाइकाची एकाच बाजूची मिशी उडवली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "पाण्याची साधी गाठ आहे. रक्त खड्यामुळे गेलं. कॅन्सर नाही."

काकू रडायला लागल्या. काकांनी विचारलं, "हे कुणाच्या नावावर लिहिलंय?"

"विर्योदीनिंग्रात."

काका खाली बघत म्हणाले, "बिचारा. सुया त्याने सोसल्या, मशीनमध्ये तो गेला. आणि मी त्याला घराबाहेर काढला."

पुन्हा खीर झाली. पहिली वाटी काका स्वतः हॉस्पिटलात घेऊन गेले. नर्सने हसून विचारलं, "कुणाकडून म्हणू?"

"दोघांकडून," काका म्हणाले.