कोहळ्याची वाटी आणि काचेतली बाई

तुम्ही हसणार हे धरूनच सांगते. नांदुऱ्यातल्या आमच्या गल्लीला माझा हा गाढवपणा तोंडपाठ आहे, मग तुम्हीच काय पाप केलंय?

माझी सून सारिका मलकापूरच्या शाळेत शिकवते. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा नातू सात महिन्यांचा होता. त्याला सांभाळायला तिची आई, म्हणजे माझी खामगावची विहीण, टपूनच बसली होती.

मी म्हटलं, "मी काय मेली का? लेकरू इथंच राहीन."

"राहू द्या, आई," सारिका म्हणाली. "पण वजन वाढलं पाह्यजे. नाही वाढलं त मी त्याले माह्या मायकडे नेऊन ठेवीन."

झालं, मी पदर खोचला. डब्यातली तयार पावडर घरात येऊ दिली नाही. शाळेत गेलेली नाही मी, पण मोबाइलवर बघून बघून प्युरी शिकले. लाल कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा; शिवाय गाजर, पपई. कोहळं-गाजर वाफवायचं, मिक्सरमधून काढायचं, वर चाळणीतून घासायचं; एक दोरा म्हणून घशात अडकायला नको. आणि भरवायची पद्धत आमच्या घरची. प्रत्येक चमचा आधी आपल्या तोंडाला लावायचा. चटका कळतो, आणि दृष्ट लागायचीच असली तर आपल्याला लागते, लेकराला नाही.

वाटी रोज चाटूनपुसून रिकामी. संध्याकाळी सारिका आली की मी ती उपडी करून दाखवायची.

पण अंगणवाडीच्या काट्यावर पोरगं जिथल्या तिथं. पुढच्या महिन्यातही तेच.

"आई, वाटी त खाली होते. मंग जाते कुठी?"

"पोटात."

"कोणाच्या?"

त्या 'कोणाच्या'नं माझ्या अंगावर काटा आला. खरंच, कोणाच्या?

शेजारची शांताबाई दारातूनच म्हणाली, "सटवाईची पूजा राह्यली असन वं बाई तुमची. रुसली का असंच करते. लेकराचा घास खाते."

"काहीबी नको बोलू वं," मी तिला हाकललं. असलं काही मी मानत नाही.

मानत नाही, पण दुपारी घरात आम्ही दोघंच. बाहेर कुत्रंही भुंकत नाही. वारा नसताना पाळण्याची कडी करकरते. आणि चमचा समोर धरला की बाळ माझ्याकडे बघतच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघतं आणि हसतं. ओळखीचं हसतं. मी वळून बघावं तर मागे भांड्यांचं काचेचं कपाट. बाकी काही नाही.

एका दुपारी वाफेनं चष्मा धूसर झाला म्हणून काढून ठेवला. बाळ मागे बघून हसलं. मी सावकाश वळले.

काचेत एक बाई होती. तोंड पिवळं, हळदीचं नव्हे, पिकल्या पपईचं. ओठ ओले. आणि तिचं तोंड हलत होतं. ती खात होती.

माझ्या हातातली वाटी पडली. लेकरू छातीशी धरलं आणि अनवाणी निघाले ती थेट लहान मुलांच्या डॉक्टरांकडे. तिथूनच सारिकाला फोन लावला, "ये लवकर. लेकराचा घास कोणीतरी खाते. मी पाह्यलं तिले."

ती पांढरीफटक होऊन आली. डॉक्टरांनी बाळाला उलटंसुलटं तपासलं. मग बाळ बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसले.

"आजी, हात दाखवा."

तळहात पिवळेधमक. सारिका दिवेलागणीला येते आणि बाळालाच बघते. म्हातारीच्या रंगाकडे कोण बघतं? डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली.

"डोळे पांढरे आहेत, म्हणजे कावीळ नाही. रोज गाजर, कोहळं, पपई खाऊन असा रंग चढतो. घरात कोण खातं?"

"नातू."

"नातवाचे हात तर साफ आहेत."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.

"बाळ घास थुंकतं का?"

"थुंकते. मी पुसून घेतो."

"कशानं?"

मी बोट पदराखाली लपवलं. अन्न टाकायची सवय नाही हो मला. आधी चाखायचा घास माझा, थुंकलेला घास माझा, वाटीच्या तळाचं माझं. मग लेकराला काय मिळत असेल, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, बाळ चांगलं आहे, नुसत्या भाजीवर भागणार नाही; मुगाची डाळ घाला, तूप घाला, आणि घास पोटात जातो का ते बघा.

बाहेर आल्यावर सारिकानं बाळाला कडेवर घेतलं. मी म्हटलं, "ने बापा त्याले खामगावले. माहं तोंड नाही राह्यलं."

"त्याले एकट्याले काऊन? तुमी बी जा. माय कशी भरवते ते पाहा, अन् मंग दोघंबी वापस या."

तर या वयात मी विहिणीकडे घास भरवायला शिकायला गेले. पहिल्याच दुपारी मी बाळाला मांडीवर घेऊन वाटी मागितली. विहीणबाईनं बाळ माझ्याकडून काढून घेतलं आणि माझ्यापुढं वरण-भात, पोळी, दोन भाज्या असं भरलं ताट सरकवलं.

"आधी तुमी पोटभर जेवून घ्या," ती म्हणाली. "लेकराची वाटी मी मंग काढतो."