पुष्पावती तव्यापाशी जात नाही

भिंगारच्या छावणीत एका बंगल्यावर पुष्पावती स्वयंपाकाला होती. साहेबांची बदली झाली तेव्हा सामान बांधता बांधता बाईंनी विचारलं, "तुला काय ठेवू यातलं?" मिक्सर समोर होता, टेबलफॅन होता. पुष्पावतीनं बोट दाखवलं ते एका लाल भांड्याकडे. खाली स्पिरिटची बत्ती, सोबत लांब दांड्याचे काटे.

"हे? फॉन्ड्यूचं? काय करणार तू याचं?"

"जेवनार. आमी दोघं."

त्या भांड्यात बाई आतून लसूण चोळायच्या, दुधात चीज वितळवायच्या. मग साहेब आणि बाई समोरासमोर बसून काट्याला पावाचा तुकडा टोचायचे, बुडवायचे, खायचे. पुष्पावतीला चीजचं एवढं कौतुक नव्हतं. वाढायला कुणी उभं नव्हतं, त्याचं होतं.

तिच्या घरी तव्यावर भाकरी फुगली की थेट नवऱ्याच्या, कल्याणच्या, ताटात. तो टेम्पो लावून आला की हात धुऊन बसतो, ही गॅसपाशी. त्याचं झालं की उरलेली गार भाकरी घेऊन ही. लेक सासरी गेली, घरात दोघंच राहिली, तरी तेच. कधी सोबत जेवायचा विषय काढलाच तर तो म्हणायचा, "मग भाकरी कोन टाकनार? गरम नसली तर घास उतरत न्हाई मला."

रविवारी संध्याकाळी तिनं पाव कापला, बटाटे उकडले, चीज किसून दुधात वितळायला ठेवलं. वास शेजारी गेला आणि थोरली जाऊ रतनबाई दारात आली.

"पुष्पे, पिठलं पातळ झालं का गं?"

"पिठलं न्हाई, चीज हाय."

"आन भाकरी?"

"आज न्हाई."

"नवऱ्याला उपाशी ठेवतीस व्हय!"

"संगं जेवायला बसवतीय."

"अगं बाई! या वयात ही थेरं!" पदर तोंडाला लावून हसत रतनबाई गेली.

कल्याण आला. समोरासमोर दोन पाट, मधे जळती बत्ती.

"पूजा मांडली का काय?"

"बसा."

तो बसला. "वाढ."

"ह्यात वाढायचं नसतं. टोचा आन बुडवा."

"भाकरी?"

"न्हाई केली."

"मग टाक की दोन. थांबतो मी."

पुष्पावतीचा गुडघा आपसूक उचलला गेला. तिनं तो हातानं खाली दाबला.

"मी उठनार न्हाई."

"काय?"

"उठले की हे घट्ट व्हतं. आन उठले की मी पुन्यांदा मागनं, गार जेवनार. आज न्हाई."

"ही काय रीत झाली?"

"कुनाला दाखवायचीय रीत? तुमी हाय, मी हाय."

कल्याण हाताची घडी घालून बसला. ती ढवळत राहिली. चीजला बुडबुडे आले. तिनं तुकडा टोचला, बुडवला, तार तुटेपर्यंत फिरवला आणि तोंडात टाकला. त्याच्या आधी. कुणी डोळ्यांदेखत त्याचा टेम्पो चालवत न्यावा, तसा कल्याण बघत राहिला.

"गरम हाय," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "अहो, लई गरम हाय!"

मग त्यानं स्क्रू-ड्रायव्हर धरावा तसा काटा धरला. पहिला तुकडा भांड्यात बुडाला.

"गेला!"

"थांबा, मी दाबून धरते. घ्या आता."

दोन काट्यांनी मिळून तुकडा वर आला. त्यानं चावला, विचार केला. "अळनी हाय गं. शेंगदान्याची चटनी दे."

"खालच्या फळीवर हाय."

तो थांबला. तिनं पुढचा तुकडा टोचला. शेवटी तोच उठला. डबे खडखडले.

"ह्यात तर हळद हाय!"

"त्याच्या मागं बघा."

आवाज ऐकून रतनबाई पुन्हा दारात. "अगं, भाऊजी काय करत्यात सैपाकघरात?"

पुष्पावतीनं तोंड उघडलं, पण डबा हातात घेऊन कल्याणच पुढे आला.

"जेवतोय, वहिनी. दोघं जेवतोय. मागनं या."

दार ओढून घेऊन तो पाटावर बसला. "ढवळ की, लागंल खाली."

"तुमी ढवळा," पुष्पावती म्हणाली. "माझ्या तोंडात घास हाय."