मुकादम परत आला

दूधवाल्या मावशीला त्या महिन्यात आकाश ठेंगणे झाले होते, आणि कारण ऐकाल तर हसाल. चर्चमध्ये नव्या पाळकांनी निवासमंडप शिकवायला घेतला होता, म्हणजे प्राचीन इब्री लोक रानावनात ज्या तंबूत देवाची उपासना करत, तो तंबू. त्या तंबूवर शेळ्यांच्या केसांचे आच्छादन होते, एवढे एक वाक्य मावशीच्या कानावर पडले मात्र! जन्मभर शेळ्यांच्या वासावरून लोकांनी जिच्याकडे पाहून नाके मुरडली, ती बाई घरोघरी दूध घालता घालता सांगत सुटली, "सोनं असेल हो आतल्या बाजूला, पण देवाच्या घराला छप्पर आमचंच!"

पाळकांनी चर्चमागच्या पटांगणात दोऱ्या ताणून मंडपाचे अंगण आखले. त्याला दार एकच ठेवले, कारण देवाकडे जायची वाट एकच आणि ती वाट म्हणजे ख्रिस्त. वेदीच्या जागी विटा रचल्या. याजकांच्या हातपाय धुण्याच्या गंगाळाऐवजी मावशीचे पितळी पातेले आले. सगळ्यात आत परमपवित्रस्थान, आणि त्याच्यापुढे जाड निळा अंतरपट. त्या पडद्यामागे वर्षातून एकदाच, एकटा मुख्य याजक जाई. ख्रिस्त मेला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला आणि वाट सगळ्यांना मोकळी झाली, असे पाळक सांगू लागले की मावशीच्या अंगावर काटा येई.

मग आला प्रायश्चित्ताच्या दिवसाचा धडा. त्या दिवशी दोन बोकड लागत. एकाचा बळी देत. तो पुठ्ठ्याचा केला. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देत. तो मात्र पाळकांना खराखुरा हवा होता.

"माझा मुकादम न्या की!" मावशी उभीच राहिली. मुकादम हा तिचा बोकड. स्वतः काडीचे काम करायचा नाही, पण अख्ख्या कळपाला ढुशा देऊन हाकायचा, म्हणून हे नाव.

मावशीने मुकादम दिला तो नुसत्या हौसेने नव्हे. तिच्या मनात एक काटा रुतलेला होता. धाकटी बहीण घरच्यांच्या विरोधात लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली होती. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आईने सारखा या धाकटीचा धोशा लावला होता. मावशी तेव्हा बहिणीवर रागावलेली. "सकाळी बोलावू," म्हणाली, आणि आईने सकाळ पाहिलीच नाही. बहीण रडत आली तेव्हा हिने सांगून टाकले, "आई शुद्धीतच नव्हती गं, कुणाचंच नाव घेतलं नाही." पुढे राग विरला, खोटे मात्र राहिले. चोराच्या मनात चांदणे! मावशी बहिणीला मापापेक्षा जास्त दूध घाले, पण तिच्याकडे पाहणे टाळी. खरे कळले तर बहीण कायमची तुटेल, ही एकच भीती.

रविवारी शिंपीकाका पांढरे कपडे घालून मुख्य याजक झाले. "हे फक्त समजण्यासाठी हं," पाळकांनी बजावले. तरी जो तो मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. मावशीने दोन्ही हात ठेवले आणि ते खोटे त्याच्या कानात ओतले. वायरमनने त्याला टेम्पोत घातले आणि पुलापलीकडे आपल्या भावाच्या शेतात सोडून आला. मावशी अशी हलकी झाली म्हणता, गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर!

शेवटची प्रार्थना चालली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात खुरांचा आवाज आला. मुकादम! गळ्यात तुटका दोर. त्या एकुलत्या एका दारातून तो सरळ आत शिरला, विटांवरून उडी मारली, पातेल्यातले पाणी प्यायला, मुख्य याजकाला ढुशी देऊन आडवे केले आणि निवांतपणे अंतरपटाचा कोपरा चघळू लागला.

"अगं बाई, पापं परत आली!" गाणाऱ्यांतली नर्सबाई किंचाळली, आणि सगळे पोट धरून हसू लागले, पडल्या पडल्या शिंपीकाकासुद्धा.

मावशीला हसू आले नाही. तिने पाळकांना गाठले.

"पाळकसाहेब, माझं परत आलं का हो?"

"मावशी, बोकड आहे तो. त्याला घरचा रस्ता माहीत असणारच."

"तेच म्हणते मी! बोकडाला माहीत, तर पापाला नसेल?"

पाळकांचे हसू ओसरले. बाईला खरेच विचारायचे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. "म्हणूनच तर त्या इब्री लोकांना दर वर्षी नवा बोकड लागायचा, मावशी. बोकडानं पाप जात नाही. ती सावली होती, पुढं येणाऱ्या ख्रिस्ताची. तो आला, सगळ्यांचं पाप घेऊन एकदाच मेला."

"पण तोसुद्धा परत आला की! तिसऱ्या दिवशी, जिवंत होऊन!"

"आला!" पाळकांनी टाळीच वाजवली. "आला ना! पण काय घेऊन आला? हातांवर खिळ्यांच्या जखमा होत्या, ओझं नव्हतं. ज्या शिष्यांनी त्याला टाकून पळ काढला, त्यांच्यावरही रागावला नाही. शांती दिली."

"म्हणजे माझं गेलं?"

"गेलं."

"मग मी भिते कुणाला!" मावशी ओरडली आणि चपला तिथेच टाकून धावत सुटली. लोक मुकादमाला पकडायला धावत होते. हिने वळूनही पाहिले नाही.

बहीण दारात चादर वाळत घालत होती. "ताई? अशी धावत का आलीस? काय झालं?"

"आई शुद्धीत होती," मावशी धापा टाकत म्हणाली. "शेवटपर्यंत. तुलाच बोलवत होती. मी रागानं निरोप धाडला नाही, आणि वर तुझ्याशी खोटं बोलले."

बहिणीच्या हातातली चादर मातीत पडली. मावशी तशीच उभी राहिली, आता शिवी येवो की थप्पड. बहीण मटकन पायरीवर बसली.

"तुझ्यावर खूप रागवायचंय मला, ताई," ती म्हणाली. "रागवणार आहे. पण आधी सांग, आई काय म्हणाली? जशी म्हणाली, तस्संच."

मावशी तिच्या शेजारी बसली आणि आईसारखाच आवाज बारीक करून म्हणाली, "धाकटी आली का गं? माझी धाकटी आली का?"

बहिणीने तोंडावर पदर दाबला. मग तो बाजूला करून म्हणाली, "अजून एकदा म्हण."